वाडीतील पिकअपचे गॅरेज: तेलगळती आणि निळ्या धुराचे काम

नागपूरजवळ अमरावती मार्गावर वाडीतील ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे छोट्या मालवाहू गाड्यांचे एक गॅरेज आहे. काटोलहून कळमन्याच्या बाजारात संत्री आणणारी आमची जुनी डिझेल पिकअप मी तेथे नेली, तेव्हा रोज सकाळी तिच्याखाली वाटीएवढा तेलाचा डाग पडत होता, सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता आणि थंड इंजिन सुरू करताच टक-टक असा आवाज ऐकू येत होता. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी गिअरबॉक्स उतरवून क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, मागचे ऑइल सील बदलले होते. खर्च मोठा झाला आणि पंधरवड्यात गळती पुन्हा सुरू झाली.

वाडीच्या मिस्त्रींनी आधी इंजिन धुऊन कोरडे केले, गाडी गोंडखैरीपर्यंत फिरवून आणली आणि मगच टॉर्च घेऊन वरून खाली पाहणी केली. धावत्या गाडीत तेल वाऱ्याने मागे आणि खाली ओघळत जाते, त्यामुळे थेंब जेथे पडतो तेथेच गळती असेल असे नाही, हे त्यांनी मला दाखवून दिले. ओल टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, मागच्या कडेला होती. तरीही पॅकिंग लगेच न बदलता त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण उघडले, तेव्हा आतून जोराने वाफ आली. इंजिनातला वायू बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी काळ्या गाळाने जवळजवळ बुजली होती. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली झिरपतोच. त्याला बाहेर पडायची वाट मिळाली नाही, तर तो दाब सील आणि पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलतो. टर्बोमधून, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्यातून, चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) परतणारे तेलही त्या दाबामुळे अडते, टर्बोच्या सीलमधून पुढे जाते आणि जळून निळा धूर होतो. गळती आणि धूर यांचे मूळ एकच होते, आणि हे शोधण्याची तसदी घेणारा माणूस मला या गॅरेजात भेटला.

टक-टक आवाज मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाचा होता. पॅकिंगच्या कडेला काजळी साचली होती आणि तो आवळून धरणारा एक स्टड (आटे असलेला दांडा) तुटला होता. तुटक्या टोकावर नट वेल्ड करून त्यांनी तो सफाईने काढला. तेथून सुटणारा धूर केबिनमध्ये शिरू शकतो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका, असे त्यांनी बजावले.

ऑइल व फिल्टरसह एकूण 5,400 रुपये लागले. जुने सुटे भाग न मागता परत मिळाले; पक्के बिल मात्र मागावे लागले. दुपारी देतो म्हटलेली गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाती आली, आणि ज्याची रोजची खेप ठरलेली आहे त्याला हा उशीर परवडणारा नाही. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांच्या धूरगाळणीचे, म्हणजे डीपीएफचे काम येथे होत नाही. स्कॅनर नसल्याचे ते स्वतःच सांगतात.

सायलेन्सरमध्ये साचलेले तेल जळून जाईपर्यंत धूर दिसेल, असे त्यांनी आधीच सांगितले होते आणि तो तिसऱ्या दिवशी थांबला. आता 1,800 किलोमीटर झाले आहेत आणि रात्री गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा सकाळी कोरडा असतो. टर्बोच्या दांड्यात किंचित ढिलाई आहे; तो आत्ताच बदलू नका, पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी पुन्हा पाहू, असे मिस्त्रींचे म्हणणे आहे आणि त्यासाठी मी गाडी त्यांच्याकडेच नेणार आहे.