शेलचेक: फुकटात मिळणारा कडक तपासनीस

बॅश स्क्रिप्टमधल्या (लिनक्सच्या कमांड ओळीने लिहिलेल्या फाइलमधल्या) चुका स्क्रिप्ट न चालवताच दाखवणारं शेलचेक हे साधन मोफत आणि मुक्तस्रोत आहे. गिटहबच्या उबुंटू रनरवर (कोड आपोआप तपासणाऱ्या मशीनवर) ते आधीपासून असतं. पण तिथली आवृत्ती अधूनमधून बदलते आणि काल हिरवा (यशस्वी) असलेला बिल्ड, म्हणजे कोडची ही आपोआप तपासणी, आज लाल (अयशस्वी) होतो. म्हणून ठरावीक आवृत्तीचा डॉकर इमेज टॅग (त्याच आवृत्तीची तयार, बांधलेली प्रत) वापरलेला बरा.

बिल्डमध्ये जोडणं सोपं, कारण एक्झिट कोड (कमांड संपताना परत करते तो आकडा) स्वच्छ आहेत: सगळं ठीक तर ०, दोष सापडले तर १, फाइलच वाचता आली नाही तर २. घोळ होतो तो आजूबाजूला. फाइल शोधणाऱ्या फाइंड कमांडच्या एक्झेकला (सापडलेल्या फाइलींवर दुसरी कमांड चालवणाऱ्या पर्यायाला) शेवटी अर्धविराम दिला, तर शेलचेकने कितीही बोंब मारली तरी फाइंड ० परत करतं. अर्धविरामाऐवजी अधिकचिन्ह द्या. आउटपुट पाइपने टी कमांडकडे (ते दाखवत फाइलमध्येही लिहिणाऱ्या) वळवताना पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर अपयश कळवणारी सेटिंग) चालू नसेल, तरीही अपयश गिळलं जातं.

जुन्या प्रकल्पात शेकडो सूचना येतात, म्हणून अनेकजण किमान पातळी 'वॉर्निंग' ठेवतात. इथे सावध राहा: अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं व्हेरिएबल पकडणारा एससी२०८६ हा नियम त्याखालच्या 'इन्फो' पातळीवर आहे, तोच गळतो. रिकाम्या जागा असलेल्या फाइलनावांवर स्क्रिप्ट फुटते ती नेमकी याच चुकीने. त्यापेक्षा नको असलेले नियम शेलचेकआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये एकेक करून बंद करा.

झेडशेल या बॅशसारख्याच दुसऱ्या शेलच्या स्क्रिप्ट मात्र यात चालत नाहीत. ही मोठीच उणीव.