टायसन-डग्लस, टोकियो 1990: हायलाइट नको, अख्खं रेकॉर्डिंगच बघा

बॉक्सर बस्टर डग्लसचं नाव निघालं की लोक एकच बोलतात, वन-हिट वंडर, एकदा जगज्जेत्या माइक टायसनला पाडलं आणि संपला, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. मी पण बरीच वर्षं तेच म्हणायचो कारण मी फक्त शेवटच्या नॉकआउटची क्लिप बघितलेली. आता दहाच्या दहा राउंडचं रेकॉर्डिंग दोनदा बघून झालंय आणि मत पार बदललंय, म्हणून हा रिव्ह्यू.

आधी कॉपीबद्दल. मी पहिली जी विकत घेतली तिच्यात दोन राउंडमधले एक-एक मिनिटाचे ब्रेक सरळ उडवलेले आणि वर लिहिलेलं ‘संपूर्ण लढत’, खरंच खूप चीड आली. ब्रेक असलेलीच घ्या, कारण निम्मी गोष्ट तिथे कोपऱ्यात घडते. टायसनचा डावा डोळा सुजत जातो, आणि सूज दाबायला जो गार लोखंडी तुकडा प्रत्येक कॉर्नरकडे (म्हणजे बॉक्सरच्या मदतनिसांकडे) असतो तो यांनी आणलेलाच नाही, मग रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून तो डोळ्यावर धरून बसलेत! 37 पैकी 37 जिंकलेला, त्यातले 33 नॉकआउट, जगातला सगळ्यात धोकादायक हेवीवेट, आणि त्याच्या कॉर्नरची ही तयारी. केविन रूनीसारखा ट्रेनर 1988 मध्येच काढून टाकला होता त्याचा परिणाम इथे डोळ्यांनी दिसतो.

पिक्चर त्या काळाच्या टीव्हीसारखंच आहे, थोडं धुरकट, त्याचं काही वाटत नाही. आवाज मात्र भारी. टोकियो डोममधली पब्लिक इतकी शांत बसलेली की ग्लोव्ह लागल्याचा थप्प आवाज स्पष्ट येतो, आणि पहिल्या राउंडपासून तो आवाज बहुतेक वेळा डग्लसच्या जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचा असतो. तो उंच, हातांचा पल्ला टायसनपेक्षा फूटभर जास्त, जॅब मारायचा, मागोमाग उजवा, टायसन आत शिरला की धरून ठेवायचं, सुटला की परत जॅब. तुक्का असा दहा राउंड चालत नाही हो! लास वेगासमध्ये त्याच्यावर 1 ला 42 असा सट्ट्याचा भाव होता आणि हा माणूस कसलीच घाई न करता शाळेतल्या मास्तरासारखा फळ्यावर एकेक स्टेप मांडत होता.

मग आठवा राउंड. संपता संपता टायसनचा उजवा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) बसतो आणि डग्लस आडवा. इथे रिवाइंड करून बघा, पडल्या पडल्या तो ग्लोव्ह कॅनव्हासवर आपटतो, स्वतःवरच चिडून. शुद्ध हरपलेला माणूस असं करत नाही. रेफ्री ऑक्टाव्हियो मेरान नऊ म्हणतो तोवर हा उभा. नंतर मोठा गोंधळ झाला की टाइमकीपरच्या हिशोबाने दहा कधीच झाले होते, पण बॉक्सर रेफ्रीकडे बघूनच उठतो, नियमच तसा आहे. टायसनचा प्रमोटर डॉन किंगने तक्रार केली, दोन बॉक्सिंग संघटनांनी निकाल अडकवून ठेवला आणि लोक भडकल्यावर काही दिवसांत तो मान्य केला. मला तो सगळा प्रकार आजही लाजिरवाणा वाटतो.

दहावा राउंड लिहीत नाही, बघाच. फक्त टायसन व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा खाली पडल्यावर रांगत दातांवरचं माऊथपीस शोधतो आणि ते कसंबसं तोंडात कोंबतो, अर्धं बाहेर लोंबतंय, ते बघताना पोटात कालवतं. आणि तोवर एका जजच्या गुणांच्या कार्डावर टायसन 87-86 ने पुढे होता, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

आता वन-हिट वंडरचं. त्याआधी 1989 मध्ये त्याने ट्रेव्हर बर्बिक आणि ऑलिव्हर मॅकॉलला हरवलेलं, त्याही आधी ग्रेग पेजला. पुढे 1994 मध्ये तेव्हाचा चॅम्पियन लेनॉक्स लुईसला नॉकआउट करणारा मॅकॉल तो हाच. म्हणजे डग्लस कोणी ऐरागैरा नव्हता. पण हेही खरंय की 1987 मध्ये टोनी टकरसमोर चांगला खेळत असताना दहाव्या राउंडमध्ये ढेपाळला, आणि टोकियोनंतर आठ महिन्यांत चॅलेंजर इव्हँडर होलीफिल्डसमोर उभा राहिला तेव्हा वजन 231.5 वरून 246 पाउंड, तिसऱ्या राउंडमध्ये खेळ खल्लास. खेळ त्याच्याकडे आधीपासून होता, रोज मनापासून राबायची ओढ नव्हती. माझ्या मते त्याला वन-हिट वंडर म्हणणं चूक आहे, फार तर म्हणा की हातात होतं त्यातलं पूर्ण त्याने एकदाच बाहेर काढलं.

पाचपैकी पाच स्टार, ब्रेक कापलेल्या कॉपीला एक. आणि नॉकआउट झाला की बंद करू नका, रिंगमधला इंटरव्ह्यू शेवटपर्यंत बघा. फाइटच्या 23 दिवस आधी डग्लसची आई गेलेली. कशामुळे जमलं असं विचारल्यावर तो आईचं नाव घेतो आणि तिथेच त्याचा आवाज फुटतो.