घरपोच फुल बॉडी चेकअप: रक्त घेणाऱ्याला पाचपैकी पाच, रिपोर्टला दोन

मागच्या महिन्यात ताईने आणि मी एका लॅबचं फुल बॉडी चेकअप घेतलं, 78 टेस्ट, दोघींचे मिळून 3,600 रुपये, रक्त घरी येऊन नेतात. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते अशा बऱ्याच पॅकेजना लागू आहे.

आधी चांगलं सांगते. सकाळी पावणेसातची वेळ दिली होती तर सहा चाळीसला मुलगा दारात. हात धुतले, नवे ग्लोव्हज घातले, सुई आमच्यासमोर पाकिटातून काढली, आणि ताईची शीर कधीच पटकन सापडत नाही, दर वेळी दोन-तीनदा टोचतात बिचारीला, ती त्याने पहिल्यांदाच बरोबर पकडली. जांभळ्या झाकणाची, राखाडी झाकणाची, पिवळ्या झाकणाची ट्यूब, प्रत्येकीवरचं नाव आम्हाला वाचायला लावलं आणि मगच बॅगेत ठेवली. उपाशी आहात ना विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत विचारलं. पाळी चालू आहे का हे नाही विचारलं, पण तो प्रश्न त्याच्या फॉर्मवरच नव्हता, त्यात त्याची काही चूक नाही.

रिपोर्ट संध्याकाळी अ‍ॅपवर आला. माझे सहा आकडे लाल, ताईचे चार, आणि त्या चारातला एक म्हणजे सीए-125, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, आला 41 आणि नॉर्मल 35 पर्यंत. तिने गूगल केलं तर अंडाशयाचा कॅन्सर. रात्री साडेदहाला तिचा फोन आला, आधी नुसती रडतच होती, मग म्हणाली, "मुलांना अजून काही बोलले नाहीये गं." रिपोर्टमध्ये त्या आकड्यापुढे फक्त 'हाय' लिहिलेलं, एक ओळ समजावून नाही. आणि सकाळी लॅबमधून फोन आला तो कशासाठी, तर मॅडम तुमचे काही पॅरामीटर्स रेंजच्या बाहेर आहेत, अ‍ॅडव्हान्स पॅकेज करून घ्या, त्यात गळ्याची सोनोग्राफीपण आहे. मला याचा खरंच राग आला.

आमच्या नेहमीच्या गायनॅक मॅडमकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "पाळी कधी आली होती?" रक्त दिलं तो दुसरा दिवस होता. पाळीत, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या कॅन्सर नसलेल्या गाठी असतील तर, एंडोमेट्रिऑसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढलं असेल तर हा आकडा वाढतो म्हणाल्या. मग लेटरहेड उलटं करून पेनाने हिशोब मांडला, तो जसाच्या तसा देते. समजा 10,000 बायका, कुणालाच काही त्रास नाही. त्यातल्या 4 जणींना खरंच हा कॅन्सर आहे. टेस्ट त्यातल्या 3 जणींना पकडते. उरल्या 9,996, त्यातल्या शंभरात 3 जणींचाही आकडा काहीतरी दुसऱ्याच कारणाने वाढलेला असतो, म्हणजे जवळपास 300. आता लाल आकडा आलेल्या सगळ्या एका हॉलमध्ये बसवल्या तर 303 जणी, आणि खरा आजार असलेल्या 3. "तुम्ही त्या हॉलमध्ये आहात, एवढंच या कागदावरून कळतं," मॅडम म्हणाल्या. वयाप्रमाणे आकडे बदलतात, पाळीच्या वयात उगाच लाल येणाऱ्या आणखी जास्त, असंही म्हणाल्या. ताईने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या 2 लाखांवर बायकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, एका गटाची दर वर्षी सीए-125 केली, आणि 2021 मध्ये निकाल आला की तपासणीमुळे मृत्यू काही कमी झाले नाहीत. मग काहीही त्रास नसलेल्या बाईच्या पॅकेजमध्ये ही टेस्ट कशाला टाकतात? पोट सतत फुगतंय, भूक लागत नाही, घरात कुणाला हा कॅन्सर होऊन गेलाय, तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरकडे जायलाच हवं.

माझ्या सहा लालचंही थोडं सांगते. बऱ्याच टेस्टची नॉर्मल रेंज ठरवताना ठणठणीत माणसांचे आकडे घेतात आणि मधले 95 टक्के नॉर्मल धरतात, म्हणजे शंभरातले 5 ठणठणीत लोक आधीच रेंजच्या बाहेर. अशा 20 टेस्ट एकदम केल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं तर सगळ्या नॉर्मल यायची शक्यता जेमतेम 36 टक्के, म्हणजे धडधाकट 100 जणांतल्या 64 जणांना निदान एक तरी लाल येणार. प्रत्यक्षात टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात त्यामुळे आकडा जरा कमी होईल, पण 78 टेस्टमध्ये लाल न येणं हीच नवलाची गोष्ट. माझं बिलिरुबिन, कावीळ बघताना मोजतात ते, 1.3 होतं, 1.2 पर्यंत चालतं, डॉक्टरांनी बघून पान उलटलं.

आणि ती गळ्याची सोनोग्राफी. दक्षिण कोरियात 1999 पासून सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर त्यात नव्हता पण लोक थोडे पैसे भरून जोडीला गळ्याची सोनोग्राफी करून घ्यायचे, आणि 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान होण्याचं प्रमाण 1993 च्या 15 पट झालं. त्या आजाराने मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं. कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठी सापडल्या आणि कितीतरी जणांचं थायरॉइड काढलं गेलं, आता ते जन्मभर गोळ्या खातायत.

तपासण्या करूच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. बीपी, शुगर, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तिशीपुढच्यांसाठी या तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रातही होतात, आणि त्या निवडल्यात कारण हे आजार खूप जणांना होतात आणि लवकर सापडले तर फायदा होतो. आमच्या 78 मध्ये बीपी नव्हतंच.

ताईची पाळी संपल्यावर पुन्हा टेस्ट केली, 22. सोनोग्राफीत एक लहान फायब्रॉइड, बाकी सगळं ठीक. वरचा खर्च 2,400 आणि नऊ दिवसांची झोप. लॅबला मेल केलाय की फॉर्मवर पाळीचा प्रश्न घाला आणि लाल आकड्यापुढे तो आणखी कशाकशाने वाढतो ते मराठीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच मुलाला बोलावणार, पण पॅकेज नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चार टेस्ट.