सियागंजातलं पंप रिपेअरिंगचं दुकान, नक्की जा

हौदावरची मोटर आत खडे फिरावेत तशी खडखडत होती, आधीच्या मेकॅनिकने नुसती बेअरिंग बदलून पैसे घेतले, आवाज तसाच. इंदूरला सियागंजात नेली तर काकांनी इम्पेलर (पाणी ढकलणारा आतला पंखा) काढून हातातच दिला, पितळेवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे! म्हणाले सक्शनला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूला, दाब फार कमी झाला की पाणी थंड असूनही त्याची वाफ होते, बुडबुडे पुढे जास्त दाबात जाऊन मिटतात आणि प्रत्येक वेळी धातूवर टोचा बसतो. मला कॉलेजातलं आठवलं, पाण्याखाली स्फोट झाला की पृष्ठभागावरून परतलेली लाट पाणी अक्षरशः फाडते आणि ती पोकळी मिटताना जहाजाला दुसरा दणका बसतो. काकांनी चोक झालेला फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह) बदलला, सक्शनचा पाइप जाड घातला. आता मोटर चालू आहे हे कळतही नाही. बिल पण वाजवी.