फोंड्याचं बिनपाटीचं गॅरेज आणि फर्मागुढीची चढण

गेल्या वर्षी मी २०१५ची ११० सीसी, कार्ब्युरेटरवाली (इंजिनात जाणारं पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) जुनी स्कूटर घेतली. गोव्यात घर म्हार्दोळला, नोकरी फोंड्याला. पावसाळ्यात सकाळी डिकीत जायांच्या (जाईच्या फुलांच्या) माळा असतात, त्या दुकानात पोचवून मग ऑफिस. सपाटीवर गाडी ठीक चालायची, पण आई मागे बसली की फर्मागुढीच्या चढणीवर काटा पंचविसाच्या वर जायचा नाही. अॅक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं. मायलेज लिटरला २९.

आधी एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. १,४०० रुपये घेतले, ऑइल बदललं, एअर फिल्टरवर हवा मारली, कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवला आणि ‘सेटिंग केलंय’ म्हणून सांगितलं. पुढच्या टाकीला मायलेज २६! तेव्हा मला खरंच रडू आलं होतं, कारण ते पैसे मी आईकडून घेतले होते.

मग ऑफिसातल्या मावशींनी कुर्टीच्या बाजूचं पत्र्याच्या शेडमधलं हे गॅरेज सांगितलं. पाटी नाही. मेस्त्री एकटेच, मदतीला एक मुलगा. त्यांनी सुरुवातीला इंजिनाला हातच लावला नाही. गाडी मेन स्टँडवर घेतली आणि मला म्हणाले, “बाय, मागचं चाक फिरव बघू.” मी फिरवलं, पाव फेरीत अडकलं. ऑटोमॅटिक गाडीचं चाक बाईकसारखं भिरभिरत नाही, पण एक-दोन फेऱ्या तरी सहज व्हायला हव्यात. आमच्या पावसाने ब्रेकचा कॅम (लिव्हर दाबल्यावर ब्रेक शू पसरवणारा तुकडा) गंजला होता. लिव्हर सोडला तरी ब्रेक पुरता सुटत नव्हता, म्हणजे मी रोज ब्रेक दाबूनच फर्मागुढी चढत होते. त्यांनी कॅम काढून पॉलिश पेपरने घासला, ग्रीस लावलं. टायरमध्ये हवाही कमी होती.

मग बेल्टचं कव्हर उघडलं. व्हेरिएटरमधले (वेगाप्रमाणे गिअरिंग आपोआप बदलणारा भाग) सहा रोलर त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. गोल असायला हवेत ते, पण प्रत्येकाची एक बाजू घासून सपाट झाली होती, बोटाने चाचपलं तरी धार लागत होती. असे रोलर घरंगळत नाहीत, अडकत सरकतात, त्यामुळे गिअरिंग वेगाप्रमाणे नीट बदलत नाही. नवा बेल्ट जुन्याला लावून दाखवला, जुना डोळ्यांना कळेल इतका अरुंद झाला होता. रोलर आणि बेल्ट दोन्ही बदलले.

प्लग काजळीने काळा झाला होता. माझा फिल्टर तेलकट कागदाचा. तो हवा मारून साफ होत नाही, बदलावाच लागतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फिल्टर तुंबलेला, त्यात स्क्रू ढिला केलेला, मग पेट्रोल जास्त जाणारच. गाडी मात्र रात्रभर ठेवून घेतली, कारण व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (त्याच्या टोकाशी ठेवायची बारीक फट) थंड इंजिनावरच मोजायचं असतं. एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह घट्ट निघाला, म्हणजे ती फट कमी होती. तो पुरता बसत नसेल तर कॉम्प्रेशन गळतं आणि ताकद जाते. कार्ब्युरेटरचा स्क्रू त्यांनी अगदी शेवटी, इंजिन तापवून लावला. बाकी सगळं ठीक झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असं ते मुलालाही बजावत होते.

एकूण २,६५० रुपये झाले. जुने पार्ट कागदात बांधून परत दिले, हे मला सगळ्यात आवडलं.

तक्रारही सांगते. ‘उद्या’ म्हणाले आणि तीन दिवस लागले. फोन उचलत नाहीत. बिल वहीच्या पानावर, तेही मागितल्यावर. घाई असेल तर इथे जाऊ नका. सकाळी नऊच्या आत गेलात तर ते स्वतः गाडी बघतात, नंतर रांग लागते.

त्यानंतर एकाच पंपावर दोनदा टाकी फुल करून मोजलं: ४३ आणि ४४. परवा आईला मागे बसवून, डिकी माळांनी भरून फर्मागुढी चढले. इंजिनिअरिंग कॉलेजच्या वळणावर काटा चाळीसवर होता. आईने मागून खांदा दाबून विचारलं, “गो, ही तीच गाडी काय?”

मागचे ब्रेक शू अजून चार हजार किलोमीटर जातील म्हणालेत. तो आकडा मी डिकीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलाय.