म्हापशातलं गॅरेज: जुनी मॉरिस न्यावी का?

न्यावी, पण घाईत असाल तर नको. माझी 1960ची मॉरिस मायनर आहे, 948 सीसी. इथले मिस्त्री बॉनेट उघडल्यावर आधी बॅटरी बघतात, कारण या गाडीत प्लस टर्मिनल बॉडीला जोडलेलं असतं. दुसऱ्या एका ठिकाणी आजच्या सवयीने उलटी, म्हणजे मायनस बॉडीला, बॅटरी जोडून माझा चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर जाळला होता.

खरं कसब दिसतं ते पुढच्या चाकांपाशी. तिथले ट्रनियन, म्हणजे चाक वळवणारे सांधे, आट्यांवर फिरतात. ग्रीस सुकलं की आटे झिजतात आणि एखाद्या दिवशी चाक निखळून आडवं होतं. यांनी जॅक लावला, चाक वरून-खालून धरून हलवलं, मग काळं ग्रीस जाऊन स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत गन दाबत राहिले. "पावसापयलीं एक फावट, चवथ जातकच आनीक एक," म्हणजे पावसाळ्याआधी एकदा आणि गणेश चतुर्थी झाली की पुन्हा एकदा, एवढाच सल्ला. एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे वरच्या तेलाच्या नळीत, तेल नाही हेही त्यांनीच पकडलं. गाडी पिकअप घेताना का आचके देत होती, ते तेव्हा कळलं.

पत्र्याचं काम मात्र इथे मुळीच देऊ नका. खाऱ्या हवेने दाराखालची सिल (पत्र्याची पट्टी) सडते, आणि हे त्यावर पुटी थापून रंग मारतात! वेल्डिंग दुसरीकडे करा. सुटे भाग आपणच मागवून द्यायचे. मजुरी वाजवी, पण दिलेली तारीख मनावर घेऊ नका. आणि शुक्रवारी तर जाऊच नका, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही.