ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक: बॉडी अर्थ की स्वतंत्र अर्थ वायर?

अमेरिकेत ब्रेकवाल्या ट्रेलरला बहुधा सात पिनांचा प्लग असतो. त्यात निळी वायर ब्रेकची, पांढरी अर्थची, म्हणजे करंट परत गाडीकडे नेणारी. निळी सगळेच नीट जोडतात. प्रत्येक चाकाच्या ब्रेकमध्ये विजेवर चालणारा, दोन वायरींचा मॅग्नेट असतो; घोळ होतो तो त्याच्या दुसऱ्या वायरीचा. (मॅग्नेटला प्लस-मायनस नसतं; दोनपैकी कुठलीही निळीला जोडा.)

बॉडी अर्थमध्ये ती वायर जवळच फ्रेमला बोल्टने आवळतात. वायर कमी, काम झटपट. पोलादी फ्रेम, एकच एक्सल आणि कोरडी हवा असेल तर हे पुरतं; मात्र रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, जोडावर ग्रीस लावायला हवं. अर्थ एक्सलवर घेऊ नका: एक्सल आणि फ्रेम यांच्यामध्ये बहुधा स्प्रिंगच्या पाट्यांचे नायलॉन बुश असतात आणि त्यांतून वीज जात नाही. फ्रेमपासून प्लगपर्यंत पांढरी वायर तरीही लागतेच. ती नसली किंवा तुटली, तर करंट ग्रीस माखलेल्या हिच-बॉलमधून (ट्रेलर गाडीला जिथे अडकतो तो गोळा) वाट काढतो आणि खड्ड्यागणिक ब्रेक लागतो-सुटतो. ब्रेक दाबताच ट्रेलरचे दिवे मंदावले, तर आधी अर्थ तपासा.

स्वतंत्र अर्थमध्ये प्रत्येक चाकापासून निळीइतकीच जाड पांढरी वायर थेट प्लगपर्यंत येते. 10 किंवा 12 इंची ड्रमचा मॅग्नेट 12 व्होल्टवर सुमारे 3 अँपिअर ओढतो, म्हणजे चार ब्रेकना 12. गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड: पंचवीस फुटांवर 14 गेजची वायर जाऊन-येऊन दीड व्होल्ट खाते, 12 गेज जवळपास एक, 10 गेज सुमारे 0.6. दोन एक्सलला 10 गेजच घ्या. वायरीत वाचवलेले पैसे ब्रेकच्या जोरातून वजा होतात. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल किंवा हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर ट्रेलर न्यायचा असेल, तर दुसरा विचारच नको. जोड क्रिम्प करून आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा.

आहे तीच वायरिंग ठेवावी का, हे मीटर सांगतो. कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरच्या ब्रेकना वीज सोडणारा डबा) पूर्ण दाबून चाकाजवळची अर्थ आणि प्लगची पांढरी पिन यांमधला व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर बदला. निळ्या वायरीत अँपमीटर लावल्यावर चार ब्रेकना 12 ऐवजी 9 दिसले, तर बहुधा एक मॅग्नेट बंद आहे.

ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेकअवे स्विच ट्रेलरवरच्या बॅटरीने ब्रेक लावतो; त्या बॅटरीचा मायनसही याच पांढऱ्या जोडावर आणा. तो स्विच तपासताना प्लग गाडीपासून काढलेला हवा, नाहीतर उलटा करंट कंट्रोलर जाळू शकतो.